गीत : पारंपरिक

“काय हो किनारा, तुमच्याकडे ‘ण’ला भरती-ओहोटी असते का? पाण्यातून जातो नि तुफानात येतो!”

हॉलभर हशा. वसई पश्चिमेला एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मराठी गाण्यांच्या साइटवाल्यांची भेट. भिंतीवर पांढरी चादर लावलेली आणि तिच्यावर प्रोजेक्टरनं मोठ्या केलेल्या, मी भरलेल्या दोन नोंदी. ‘उंबराचं पानी’ आणि ‘आलं तुफाण’.

किनारा म्हणजे मी. ते माझं साइटवरचं टोपणनाव. बोलणारे होते सर. बँकेत अधिकारी, साइटचे मुख्य मॉडरेटर.

“म्हणा बघू, पाणी. जीभ मागे वळवा. टाळूला लावा.”

मी तीस वर्षांचा बाप्या. म्हटलं, “पाणी.”

“शाब्बास! आता तुफान.”

“तुफान.”

टाळ्या पडल्या. सरांच्या बायकोनं नारळाच्या वड्यांची बशी पुढे केली. मी वडी घेतली. खाल्ली. आणि सगळ्यांबरोबर हसलो.

अपमान झाला हे सांगता येतं. आपणही हसलो हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत मराठी गाण्यांची ही साइट नवीन होती. मालक कुणी नाही, सगळ्यांनी मिळून भरायची. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, आवाज कुणाचा, कॅसेट कुठली. कुणीही नोंद पाठवावी, मॉडरेटरनं तपासून मंजूर करावी. मी तुळिंजच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्यानं बसायचो. वसईच्या किनाऱ्यावरचं, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं घर सोडून तुळिंजला खोली घेतली होती, कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो. कॉम्प्युटरवर बसलं की बरं वाटायचं. तिथं कपड्यांना मासळीचा वास येत नाही. तिथं तोंड उघडावं लागत नाही. आपण कोण ते कळत नाही, असं मला वाटायचं. अक्षरातून कळतं, हे ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात ण नाहीच. पानी, लोनी, बहीन. शाळेत छड्या खाऊन एवढंच शिकलो की आपला न चुकतो. नेमका कुठला चुकतो ते कुणी सांगितलं नाही. म्हणून लिहिताना शंका आली की मी ण ठोकायचो. तुफाण तसंच आलं. ते भीतीचं शुद्धलेखन होतं.

‘उंबराचं पानी’मध्ये मात्र मी ण घातला नव्हता. तिथं हात चालला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बायका बँड लावून, नाचत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाला पाणी आणतात. त्याला उंबराचं पानी म्हणतात. ते त्या रीतीचं नाव आहे. माझ्या मोनिका मावशीनं हे गाणं माझ्या आईच्या लग्नात रचलं. विहिरीवर, उभ्या उभ्या. मधल्या कडव्यात माझ्या बापाची थट्टा आहे.

“नवरा गेलाय डोलीला, पान्याला भितो गो, पान्याला भितो.”

डोल म्हणजे समुद्रातलं मोठं जाळं. माझा बाप खरंच भित्रा होता. पहिल्यांदा होडीवर गेला तेव्हा ओकला होता. गाणं ऐकून सगळं बंदर हसलं, बापही हसला. पुढे गाणं लग्नालग्नांत फिरलं. एका कॅसेटवाल्यानं मावशीला नेऊन तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलं. कॅसेटच्या कव्हरवर गाणारी म्हणून तिचं नाव छापलं. गीत या शब्दापुढे छापलं, पारंपरिक. कोळणीनं गाणं रचलं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सरांच्या घरच्या त्या भेटीनंतर मी रोज साइटवर बसू लागलो. दुप्पट काम. प्रत्येक ण तपासायचा. सर खूश झाले आणि मला मॉडरेटर केलं. वर एक कामही दिलं.

“नियम नीट लिहून काढा. तुमच्यासारखा माणूस लिहील तर कुणी आम्हाला नावं ठेवणार नाही.”

तुमच्यासारखा. मला कळलं. कळूनही मी मान डोलावली.

नियम मी लिहिले. शीर्षक प्रमाण मराठीतच असावं. गीतकाराचं नाव छापील पुराव्यावरूनच द्यावं. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. छान, कडक मराठी. एक ण चुकला नाही. मग त्याच नियमांनी मी आगरी गाणी, कोळी गाणी, वटारकडच्या वाडवळांची लग्नगीतं सरळ करत गेलो. कुणी ‘पानी’ पाठवलं की पाणी. कुणी आजीचं नाव पाठवलं की पारंपरिक. एकदा एका आगरी मुलीनं लिहिलं, “दादा, माझ्या आईनं केलेलं गाणं आहे हे.” मी उत्तर दिलं, “कृपया नियम वाचावेत.”

शेवटी मीच भरलेली, मंजुरीला राहिलेली मावशीच्या गाण्याची नोंद समोर आली. शीर्षक केलं ‘उंबराचे पाणी’. गीत केलं ‘पारंपरिक’. मंजूर केलं आणि कुलूप लावलं, म्हणजे परत कुणाला बदलता येऊ नये. कुणी धरून करवलं नाही.

तरी मावशीला सांगून बसलो होतो की तुझं गाणं कॉम्प्युटरवर आलंय. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर ती थेट तुळिंजला आली. चर्चची चांगली साडी, केसांत अबोली. कॅफेतल्या पोरांना म्हणाली, “सरका रे बाबांनो, माझा नाव बगायला आलंय मी.” पोरांनी खुर्ची दिली. मी पान उघडलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. आवाज, मोनिका. ती हसली. गीत, पारंपरिक.

“ही कोन?”

मी परत तेच वाचलं.

“पारंपरिक म्हंजे कोन रे? आपल्या बंदरातली नाय. माझा गाना तिच्या नावावर कसा?”

आणि मी काय बोललो? माझ्या सख्ख्या मावशीला, चार लोकांत, मी म्हटलं,

“कोन नाही मावशी, कोण.”

तोंडातून निघून गेलं. सवयीनं. सरांच्या हॉलमध्ये माझी जीभ जिथं वळवली होती, तिथूनच तो शब्द आला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भलत्याच्या दारात आल्यासारखं. पदर सारखा केला आणि म्हणाली, “बरा. तुजा चालू दे.” निघून गेली. मी मागे गेलो नाही. कॅफेवाल्यानं विचारलं, “टाइम बंद करू का?” मी नको म्हटलं. बसून राहिलो. जायचं कुठं? बंदरावर तोंड दाखवायची सोय नाही, साइटवर माझेच नियम.

त्याच आठवड्यात सरांनी एक भावगीत पाठवलं. छापील पुरावा नव्हता. खाली सरांचा शेरा होता. “कवी माझ्या परिचयाचे आहेत. फोनवर बोललो. त्यांचंच आहे. मंजूर करावे.”

मी तो शेरा परत परत वाचला. त्यांच्या ओळखीचा माणूस फोनवर बोलला की पुरावा. माझी मावशी समोर उभी राहून बोलली तर तोंडी.

मी ते भावगीत अडवलं. सरांचा फोन आला.

“अहो, प्रत्येक नियम असा धरून बसायचा नसतो. तारतम्य लागतं.”

“मग मावशीच्या गाण्याला तारतम्य लावा, सर. ती जिवंत आहे. पाचूबंदरला राहते. मी नंबर देतो, शेजारच्यांचा.”

“किनारा, भावना समजतात. पण लोकगीत होणं हा केवढा सन्मान आहे! गाणं सगळ्यांचं होतं.”

“तुमच्या कवीचं का नाही करत सगळ्यांचं?”

पलीकडून थंड आवाज. “नियम तुम्हीच लिहिलाय.”

ते खरं होतं. फास माझ्याच हातचा होता, गाठही माझीच.

तरी मी कुलूप काढलं. ‘उंबराचं पानी’ लिहिलं. गीतापुढे मावशीचं पूर्ण नाव लिहिलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं की हिनं स्वतः सांगितलं, आणि गाण्यात माझा बाप आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम ‘न’ लिहिला.

संध्याकाळच्या आत सगळं पहिल्यासारखं झालं. माझे अधिकार काढले. चर्चेच्या पानावर कुणी तरी लिहिलं, “किनारा यांच्या योगदानाबद्दल आभार.” बास. त्या आगरी मुलीनं, माझ्यासारख्यांनी, कुणीच काही लिहिलं नाही. लिहिणार कसं? मीच त्यांना गप्प केलेलं.

मावशीकडे मी गेलो, पण उशिरा. ती बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. नातवंडांची चौकशी केली, चहा दिला. गाण्याचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. ती वारली तोवर ते गाणं सीडीवर आलं होतं, मोबाइलवर आलं होतं. सगळ्यांनी माहिती आमच्या साइटवरून उचलली. पाणी. पारंपरिक. माझं कुलूप ज्याच्या त्याच्या दाराला. तिच्या मयतीला आलेल्या एका पोराच्या मोबाइलच्या रिंगटोनवर तेच गाणं वाजलं, आणि कुणाचं म्हणून मी विचारलं तर तो म्हणाला, “जुनं आहे अंकल, कुणाचं नाय.”

मी आता पन्नाशीच्या पुढे आहे. माफी मागायला माणूस उरलेलं नाही आणि सरांकडून मला काही नको. पण ते गाणं जिथं जिथं कुणाचं नाही म्हणून ठेवलंय, तिथं जाऊन मी लिहितोय, टोपणनावानं नाही, माझ्या खऱ्या नावानं. ही नोंद खोटी आहे. ती मी केली. हे गाणं पाचूबंदरच्या मोनिकाचं आहे. पुसतात. मी परत लिहितो. त्यांच्या परवानगीच्या रांगेत मी आता उभा राहणार नाही. आणि त्या मुलीचा पत्ता शोधतोय. तिच्या आईचं नाव मला अजून माहीत नाही, ते आधी विचारायचं आहे.