हलत्या जमिनीवरून नेलेली देवीची घागर

ट्रकमधून उतरलो की जमीन हलायची. गाडी उभी, इंजिन बंद, आणि माझ्या पायाखाली मात्र खाडीतल्या होडीसारखं वर-खाली, वर-खाली. स्टेअरिंगवर असताना काही नाही. नजर साफ, हात पक्का. बोईसरच्या कारखान्यातला माल मी सुरतेपर्यंत न्यायचो, गाडीला कधी ओरखडा नाही. हे मी छाती ठोकून सांगतो, कोणी खोटं ठरवून दाखवावं. पण खाली पाय ठेवला की भिंत धरावी लागायची. आधी हे घटकाभर टिकायचं, मग दिवस-दिवस राहायला लागलं. अंथरुणावर पडलो तरी खाट कुठेतरी निघाल्यासारखी वाटायची. पंच्याऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट.

मी चौथीच्या पुढे शिकलो नाही. पालघरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, माणसाचा तोल कानात असतो, सावकाश बरं होईल, गोळ्या घ्या आणि गाडीतून उतरल्यावर घाई करू नका. मला पटलं नाही. चालतो पायांनी, आणि दोष कानाचा? गोळ्या घेतल्या, घाई सोडली नाही. ड्रायव्हरने उडी मारूनच उतरावं, अशी माझी ऐट.

गावाने वेगळंच निदान केलं. आमचं घिवली किनाऱ्यावरचं, तिथे ताडी कोणाला नवीन नाही. मी मात्र बाप गेला त्या वर्षी देवीपुढे नारळ ठेवून ती सोडली होती. त्यानंतर थेंब नाही. आणि आता मी झुलत घरी येताना दिसलो की मासळी सुकवणाऱ्या बायका हसायच्या, "काय भावजी, आज सकालीच चढली काय?" माझा धाकटा चुलतभाऊ हरेश्वर तर तोंडावर म्हणाला, "दादा, तुला प्यायची तर पी. पण देवीची घागर डोक्यावर घेऊ नको."

ते मला लागलं. आमच्या गावदेवीच्या जत्रेला, किनाऱ्याजवळच्या गोड्या विहिरीचं पाणी तांब्याच्या घागरीतून देवळात न्यायचं असतं, देवीच्या अंघोळीला. हा मान आमच्या थोरल्या घराचा, आजोबापासून. घागर वाटेत टेकवायची नाही, पाणी जमिनीवर सांडायचं नाही. सांडलं तर मान धाकट्या घरी, म्हणजे हरेश्वरकडे जाणार. बायको म्हणाली, "ह्या वर्षी हरेश्वर भावजींना देऊ या. देवी काय रागावणार नाय." मी म्हटलं, "देवी नाय रागावणार. मी रागावीन."

जत्रेच्या सकाळी अंघोळ करून विहिरीवर गेलो. दोन्ही हातांनी घागर डोक्यावर धरली आणि निघालो. चालत होतो तोवर निभावलं. चिंचेच्या झाडापाशी गर्दीने वाट अडली, मी थांबलो, आणि थांबताच जमीन अशी उसळली की घागर कलली. गार पाणी कपाळावर आलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बघा, देवीच्या दारात पण पिऊन आला!" मी डोळे मिटले. देवीला मनात म्हटलं, आई, मला पाडायचं तर पाड, पण ह्या लोकांना खरं काय ते कळू दे. मागतानासुद्धा मी ताठच होतो.

झाडाखाली लाकडाची मोळी टेकवून एक म्हातारी बसली होती, आतल्या गावाकडची, डोंगराकडची वाटली. ती उठली, थेट माझ्या तोंडाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो पिलेला नाय! ह्याला घेरी आलीय. वास घेऊन बघा कोणी." मग मला हळू म्हणाली, "बाबा, दोन हातांनी तू घागर धरलीस. तुला कोण धरील? एक हात दे कोणाला."

"अशी रीत नाय!" एकजण बोलला. देवळाचे म्हातारे भगत पुढेच होते. ते म्हणाले, "टेकवायची नाय, सांडायची नाय, एवढीच रीत. खांदा धरायचा नाय, असं देवी कधी बोलली?"

हात कोणाला द्यायचा? सगळ्यात जवळ हरेश्वर. दुसरा कोणी असता तर बरं, असं वाटलं. पण तोच पुढे आला, माझ्या तोंडाशी वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. "धर, दादा," तो म्हणाला. "मी चुकलो. धर." मी एक हात सोडला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं वजन दुसऱ्यावर टाकलं. जमीन हलायची थांबली नाही, पण तिची भीती गेली. तसेच देवळापर्यंत गेलो. जे पाणी सांडलं ते माझ्या कपाळावर. जमिनीवर एक थेंब नाही.

परत आलो तेव्हा म्हातारी नव्हती, मोळीही नव्हती. पुढे चिंचणीच्या बाजारात कितीदा शोधली. लाकडं विकायला निघून गेली असेल, असं लोक म्हणतात. असेल. मी वाद घालत नाही. माझ्या हाकेला कोण आलं ते माझं मला ठाऊक आहे.

त्यानंतर गाडी उभी केली की मी फुटबोर्डवर बसायचो, पाय जमिनीला लावायचो, लांबच्या ताडाच्या शेंड्याकडे बघत देवीचं नाव घ्यायचो. मग जो जवळ असेल त्याला सांगायचो, "हात दे रे." पावसाळा सरता सरता घेरी कमी झाली, पुरती जायला आणखी वर्ष गेलं. डॉक्टरही खरे होते, ते त्यांना पालघरला जाऊन सांगून आलो. ताठ माणसाला हात मागायला शिकवणं गोळ्यांचं काम नव्हतं. ते आईने केलं, आणि माझा मान सगळ्यांसमोर राखून केलं.

पुढे पुष्कळ वर्षं मी घागर नेली, दरवेळी हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून. आता माझा मुलगा नेतो. त्याचे पाय घट्ट आहेत, तरी त्याचा एक हात हरेश्वरच्या मुलाच्या खांद्यावर असतो. गेल्या जत्रेला त्याने विहिरीवर दोन्ही हातांनी घागर धरली, तर गावातला एक तरणा पोरगा त्याच्यावर डाफरला, "अरे, खांदा धर आधी! वाडवडलांची रीत हाय ती." मी मागेच उभा होतो. नुसता मिशीवरून हात फिरवला.