फटीतला कागद

दार लागले की नाही, हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी ठरवतो. आमच्या ताई तसे ठरवत नसत. लावण्यापूर्वी खिशातली कागदाची पट्टी फटीत धरायची आणि दार लागले की ती ओढून बघायची. सहज निघाली, तर दार लागलेले नाही. ऑफिसचा फ्रिजही या परीक्षेतून सुटला नव्हता.

स्टुटगार्टजवळच्या आमच्या वोनमोबिल, म्हणजे चाकांवरची घरे, दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत त्या प्रमुख अभियंता होत्या, मूळच्या सांगलीच्या. जर्मन सहकारी त्यांना फ्राऊ डॉक्टर म्हणत, मी ताई म्हणे. मी पुण्याहून नुकतीच आले होते आणि मोजमापे जुळली की प्रश्न सुटतो, अशी माझी धारणा होती.

एकदा झिंडेलफिंगेनहून एक मराठी काका-काकू आपले वोनमोबिल घेऊन आले. निवृत्तीनंतर नॉर्वेपर्यंत जायचे, हे काकांचे जुने स्वप्न. मुक्कामी बटण दाबले की या गाडीची स्वयंपाकघराची बाजू भिंतीसकट बाहेर सरकते आणि आत ऐसपैस जागा होते. प्रवासात मात्र ती घट्ट आत राहायला हवी. ती ऑटोबान महामार्गाच्या वळणावर आपोआप बाहेर येऊ लागली होती आणि काकूंनी ते पाहिले होते.

"अहो, तुम्ही खुशाल जा. मी यात बसणार नाही," एवढे बोलून काकू बाकावर बसल्या. काका एकटे जाणार नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

मी क्रमाने सगळे तपासले: रूळ, वायरिंग, मोटर थांबल्यावर भिंतीला जागेवर धरणारा ब्रेक. चाचणीच्या बंदिस्त रस्त्यावर वळणे घेतली. भिंत हलली नाही. दोष आढळत नाही, असे मी कळवणार, तोच ताई आत शिरल्या. एकेक कपाट उघडून पाहिले आणि बाहेर आल्या.

"काकू, गाडी आणण्याआधी आवरलीत का?"

काकू किंचित दुखावल्या. "मग? दुसऱ्याच्या हातात घर द्यायचे ते पसाऱ्यासकट?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई माझ्याकडे वळल्या. "अगं, गाडी जशी जगते तशी तपासायची."

दुसऱ्या दिवशी काकूंचा संसार परत आला: तांदळाची पोती, डाळींचे डबे, कुकर, दगडी खलबत्ता, शिवाय पुरणयंत्र. नॉर्वेत तांदूळ पिकत नाही म्हणजे मिळतही नाही, असे हिचे मत आहे, काका हळूच म्हणाले. सगळे मूळ जागी लावले. ताईंनी पट्टी फटीत धरली, भिंत आत घेतली. मी गाडी चालवली.

पहिल्याच डाव्या वळणाला कागद गळून पडला.

झिजलेला ब्रेक रिकामी भिंत पेलत होता, भरलेली नाही. मी त्या कागदाकडे बघत राहिले. दोष यंत्रात होता, पण तो काकूंच्या टापटिपीमागे लपला होता, आणि ताईंना तो रिकाम्या कपाटांत दिसला होता. असे पाहणे कोणत्याही उपकरणाला जमले नसते.

ब्रेक बदलून आम्ही पुन्हा तेच वळण घेतले. परतल्यावर ताईंनी काकूंना पट्टीचे टोक दाखवले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. ओढून बघा."

काकूंनी पायरीला पाय टेकवून ओढले. कागद फाटला, उरलेला तुकडा फटीतच राहिला. काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

गेल्या हिवाळ्यात ताई अचानक वारल्या. वसंतात काका-काकू गाडीच्या नेहमीच्या तपासणीला आले, नॉर्वे पाहून. काकूंनी ताईंची चौकशी केली. मी सांगितले. त्यांनी माझा हात धरला. मग मला गाडीच्या बाजूला घेऊन गेल्या. फटीत कागदाची पट्टी होती. निघताना दर वेळी नवी लावते, म्हणाल्या.

"ओढून बघ."

मी ओढली. ती हलली नाही.