साइन इन्व्हर्स दोन

मुरूडच्या कॉलेजात श्यामलाबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं आणि तीस वर्षं एकच गोष्ट ठणकावून सांगितली: साइन कधी एकाच्या वर जात नाही, तेव्हा साइन इन्व्हर्स दोन, म्हणजे ज्याची साइन दोन येईल असा कोन, असं काही नसतंच. दिघीहून येणाऱ्या सदूने एकदा विचारलं होतं, "पण असलंच तर कसं असंल, बाई?" तर म्हणाल्या, "नसलेलं विचारून वर्गाचा वेळ खाऊ नकोस." वर्ग हसला. सदू खाली बसला.

निवृत्तीनंतर आगरदांड्याच्या घरात बाई एकट्या उरल्या. यजमान गेलेले, मुलगी मैथिली पुण्यात. घर खायला उठायचं, म्हणून त्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू लागल्या. परवा सहज साइन इन्व्हर्स दोन टाइप केलं. यंत्राने चूक दाखवली. बाई खूश! पुढे संमिश्र संख्यांची सोय आली, तिथे तेच टाकलं, तर मुकाट उत्तर आलं: १.५७ अधिक १.३२ जे. जे म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ. त्या उत्तराची साइन काढली, दोन परत आले. कागदावर ताडून पाहिलं, बरोबर. संमिश्र संख्या बाईंनीच शिकवल्या होत्या की हो, पण दुसऱ्या धड्यात! हा धडा त्या धड्याला कधी जोडलाच नाही.

मैथिलीला फोन लावला. "छान गं आई. बीपीची गोळी घेतलीस?"

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि खरं तर एकालाच. सदू आता दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं देतो, एवढं बाईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्या खाडी ओलांडून गेल्या.

सदूने धावत खुर्ची आणली. बाईंनी सगळं सांगितलं, फोनवर काढून आणलेला उत्तराचा फोटो दाखवला. "मी चुकले होते, सदू. तुझा प्रश्न बरोबर होता."

"मी इचारलावता? मला न्हाय आठवत." तो मनमोकळं हसला. "आन् बाई, तुमी चुकनार व्हय? पोरीला सांगतो मी, ती लय प्रश्न काढते. म्हनतो, मास्तर न्हाय म्हनले की न्हाय. आमच्या बाईंकडनं शिकलोय."

बाई घाईने खुर्चीतून उठल्या. त्या बोलणार तोच बोटीचा भोंगा झाला. सदूने हात धरून त्यांना सांभाळून वर चढवलं, वाकून नमस्कार केला आणि तो गर्दीकडे वळला. पोरीचं नाव विचारायचंही राहून गेलं.