नायलॉनचा दोर

निरवांगीला आमच्या मळ्यातल्या विहिरीवर माझा शब्द चाले. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. घरात मान मिळायचा तो एवढ्याच कारणानं, की घायपाताच्या वाखाचा दोर माझ्यासारखा कुणाला वळता येत नसे.

धाकट्या जावेला दिवस गेले आणि तिचा पलटणीतला भाऊ तिला भेटायला आला, तो नायलॉनचा दोर घेऊन. पांढराशुभ्र, करंगळीएवढा. शेजारच्या वस्तीवरच्या बायकासुद्धा तो बघायला आल्या. माझा दोर पाणी पिऊन जड व्हायचा, तळहात सोलून काढायचा, पावसाळ्यात कुजायचा. हा नुसता झटकला की कोरडा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोर तिलाच, आता विहीरही तिचीच?

"अक्का, वढून तर बघा. कसा हलका हाय!" ती म्हणाली.

"तूच वढ की," मी म्हटलं.

आमच्याकडं घागरीच्या गळ्याला फास घातला, की गाठ आधी पाण्यात बुडवून घ्यायची रीत. वाख फुगतो, गाठ आवळते. तिनंही तेच केलं. पण नायलॉन पाणी पितच नाही. गाठ होती तशीच ढिली, गुळगुळीत राहिली आणि भरली घागर निम्म्यावरून सुटून तळाला गेली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू?

घागर वर निघाली ती माझ्याच दोराला गळ बांधून. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिरीला थोरलीचाच दोर बरा." त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. तिचा दोर खुंटीला गेला.

तिला मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी तो खुंटीवरून काढला आणि माझ्यापुढं टाकला. "झोळी बांध पोराची. गाठ तुझीच पक्की असती."

मी दोराची टोकं दिव्यावर धरून वितळवली, जास्तीचे वेढे घेतले, दोर आढ्यावरून घेतला आणि खांबाला पाय लावून गाठ आवळली. धाकटी बाळाला घेऊन शेजारीच उभी होती. माझे हात जळत होते, आणि ते दोरानं नव्हे.

माझे दोर दरसाल कुजले, दरसाल मी नवे वळले. तो काही कुजला नाही. तिची एकामागून एक पोरं त्याच दोरावर झुलली, आणि दर वेळी झोळी बांधायला हाक मलाच आली.