मागील सभेचे इतिवृत्त

आज ती एका कारखान्याच्या कचेरीत सभांची इतिवृत्तं लिहिते, आणि तिच्या कागदावर बोट ठेवायची कुणाची छाती नाही. पण हे लिहायला शिकवणारा विषय तिनं निवडलाच नव्हता. वेल्डरच्या या मुलीला गणित हवं होतं. अकरावी कॉमर्सला पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन सगळ्यांनाच. निवड एकच, गणित नाहीतर चिटणिसाची कार्यपद्धती. तिनं गणितापुढे खूण केली आणि बापानं फॉर्म फाडून तिच्या मुस्कटात मारली. आई आडवी आली, तर तिचा पुढचा दात गेला. गणित शिकून कुणाचं भलं झालंय, चिटणीसगिरी कर, असं म्हणत त्यानं नवा फॉर्म स्वतः भरला आणि खाली आपली लांबलचक सही ठोकली, शेवटी दोन रेघा आणि एक टिंब. बाहेर साखरेसारखा गोड, घरात कसाई, असला तो माणूस.

आई एकदा चौकीवर गेली होती. हवालदारानं पुरावा मागितला, चार समजुतीचे शब्द ऐकवले आणि घरी धाडलं. त्या आठवड्यात तिला कुशीवर वळता येईना. तेव्हापासून पुरावा हा शब्द पोरीच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखा बसला.

चिटणिसाच्या तासाच्या बाई कडक. सभेत काय घडलं ते लिहायचं, त्याला इतिवृत्त म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तारीख, वेळ, हजर कोण, घडलं काय, बस, रडगाणं नको. अध्यक्षांची सही झाली की तो पुरावा. पुढच्या सभेत ते वाचायचं, कुणाची दुरुस्ती असेल तर करून त्याची सही घ्यायची, मगच ते कायम. दर आठवड्याला एक सभा लिहून आणा, खाली पालकांची सही.

पोरीचे कान टवकारले. तिनं घरातलीच सभा लिहिली. 'स्थळ: स्वयंपाकघर. हजर: तिघे. विषय: दार उशिरा उघडले. अध्यक्षांनी सभासदाचे डोके दारावर दोनदा आपटले. सभासदाने मत मांडले नाही.' सहीसाठी वही बापापुढे धरली. त्याला सहीची भारी हौस आणि वाचायचा कंटाळा. वही मांडीवर घेतली, रेघा ओढल्या, टिंब दिलं. बाईंनी मात्र ते वाचलं आणि तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. पोरीनं चौकीची हकीकत सांगितली, हात जोडले, इतक्यात कुणाला सांगू नका म्हणाली. बाईंनी वही पुन्हा उघडली.

"जखम कुठे झाली, तेही लिहीत जा," त्या म्हणाल्या.

नऊ सभा झाल्या. पट्टा, लाटणं, तापलेली इस्त्री. नऊ सह्या.

दहावी सभा भरदुपारी, बापाच्या वर्कशॉपात. आईनं गिऱ्हाइकाला पाणी दिलं, ते हसून दोन शब्द बोललं, एवढंच निमित्त. त्याची पाठ वळताच बापानं लोखंडी गज उचलला. आईचा उजवा हात मोडल्याचा आवाज पोरीनं ऐकला. ती मध्ये घुसली, दुसरा फटका तिच्या खांद्यावर बसला. तिनं ग्राइंडर चालू केला आणि त्याच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. तेव्हा कुठे तो मागे सरला. शेजारच्या चहावाल्यानं दोघींना आधी दवाखान्यात आणि मग चौकीवर नेलं.

चौकीवर बोलावून आणलेला बाप म्हणाला, बायको जिन्यावरून पडली. पोरीनं वही पुढे केली, तेव्हा म्हणाला, सह्या माझ्या नाहीतच, कार्टीनं केल्यात. फौजदारानं वाद घातला नाही. त्याचं म्हणणं उतरवून घेतलं आणि सही करा म्हणून कागद सरकवला. आणि त्या शहाण्यानं केली! तशीच ऐटीत, दोन रेघा, एक टिंब. फौजदारानं कागद वहीशेजारी ठेवला आणि कोठडी उघडायला सांगितली.

मग त्यानं पोरीला वहीतलं सगळं आईला वाचून दाखवायला लावलं, तिला कबूल आहे का पाहायला. आई बाकावर, हात प्लास्टरमध्ये. पहिल्याच सभेला तिनं पोरीला थांबवलं.

"दोनदा नाही गं. तीनदा आपटलं होतं."

गजांमागून बाप खेकसला, तोंड बंद ठेव. आई दचकली, पण शब्द मागे घेतला नाही. पोरीनं 'दोनदा' खोडून 'तीनदा' लिहिलं आणि सहीसाठी दुरुस्तीशेजारी बोट ठेवलं. आईनं डाव्या हातात पेन धरून वाकडीतिकडी, पण पूर्ण नावानं सही केली.

"आता पुढची वाच," ती म्हणाली.