पवळीचं आवतण

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत गोजरबाईइतकी हट्टी बाई झाली नाही, आणि तिचा हट्ट मुकाट्यानं पुरवणारा बद्रीनाथसारखा नवराही झाला नाही. फक्त एकदा, शहाण्णव साली, बद्रीनाथ अडून बसला. निमित्त पवळीचं.

पवळी त्यांची कालवड, पवळ्या गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली. आईला दूध पुरेना म्हणून गोजरबाईनं तिला बाटलीनं वाढवलं. साडेतीन वर्षांची झाली तरी माजावर येईना. मोड आलेले हरभरे चारले, रेणुकाईची ओटी भरली, शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "गोऱ्ह्यासोबत जुळी झालेली कालवड बहुतेक गाभण राहत नाही. पोटातच भावाचं रक्त हिच्यात मिसळतं. खात्री करून घेऊ."

मानेतून रक्त काढून शहरात तपासायला पाठवलं. महिन्यानं कागद आला. रक्तात मादीच्या पेशी होत्या, तशा नराची गुणसूत्रं असलेल्याही होत्या. पैदाशीला निरुपयोगी.

"ना दूध, ना वासरू," बद्रीनाथ म्हणाला. "हिला बाजार दाखवतो."

गोजरबाई हमसून रडली. मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "डॉक्टरसाब, म्हंजी ही बैल बी हाये?"

"थोडीशी," डॉक्टर बोलून गेले.

झालं! दुसऱ्या दिवशी पवळ्याशेजारी पवळी जुंपलेली. सगळं गाव बांधावर. हसणाऱ्यांत मीच पुढे होतो, खोटं कशाला बोलू?

"गायीला जू? पाप लागंल!" म्हातारा रखमाजी ओरडला.

गोजरबाईनं प्लास्टिकच्या पिशवीतला कागद त्याच्या नाकासमोर धरला. "वाचा. बिलकुल बैल हाये. शिक्का हाये त्याच्यावर!"

रखमाजीला अक्षर कळत नव्हतं, पण शिक्का कळत होता. तो घरी गेला.

बद्रीनाथला मात्र गावात तोंड दाखवायची चोरी झाली. "पोळ्यापर्यंत ठेवतो. मंग मी न्हाई ऐकणार," त्यानं बजावलं. पवळीनं तेवढ्यात भावासोबत अख्खी कपाशी वखरली, तीही त्याच्यापेक्षा सरळ चालून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. बद्रीनाथनं पवळ्याचा खांदा मळला, आवतण दिलं, वाटी घेऊन उठला. गोजरबाई दारात उभी होती.

पवळीजवळून जाताना तो थबकला. तिच्या खांद्यावरचे केस गेले होते. घट्टा पडला होता, भावाइतकाच.

बद्रीनाथनं वाटीत बोटं बुडवली. तिचा खांदा हलक्या हातानं, बराच वेळ मळला.

"आज आवतण घ्या, बाई," तो म्हणाला. "उद्या जेवायला या."