वैशूचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही — देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय टाळून पुढे सरकते. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगता येतंय.

मी दोन मुख्य विषय घेऊन पदवीधर झाले. कॉम्प्युटर सायन्स आणि बिझनेस. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात ते तेव्हा नवीनच निघालं होतं, डबल मेजर म्हणायचे. आमच्या धरणगावात बायका अजून कौतुकाने विचारतात, दोन्ही कसं गं जमवलंस? मी हसून घेते. कसं जमवलं ते सांगितलं तर त्या मला दारात उभं करतील का?

थांबा. आधी आबांबद्दल सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे वडील. कापसाची दलाली करतात. शेतकऱ्याचं म्हणणं कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याकडे न्यायचं, जिनिंगवाल्याचं शेतकऱ्याकडे आणायचं. बऱ्याचदा ती दोन माणसं एकमेकांचं तोंडही बघत नाहीत, तरी सौदा होतो, कारण मधे आबा असतात. आबांनी निरोप आणला की समोरच्याला परत विचारायचं नाही, विचारलं तर तो आबांचा अपमान. घरातही हीच रीत. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली आणि वैशू माझ्याहून वर्षाने लहान. वैशूला आबांशी काही बोलायचं असलं की ती माझ्यामार्फत बोलायची. आबाही तिला काही वेगळं विचारत नसत. अक्काने सांगितलं ना, मग झालं.

शाळेत एक वर्ष मी टायफॉईडने घालवलं, त्यामुळे बारावी आम्ही बरोबरच झालो. आईचे सांधे तेव्हाच धरले होते, तिला उठवायला-बसवायलाही माणूस लागायचं. आबा म्हणाले, एक मुलगी बाहेर शिकायला जाईल, एक घरी राहील. कोण ते तुम्ही आपसात ठरवा आणि मला सांगा. आता यात ठरवायचं काय होतं? वैशूला कॉम्प्युटरचं वेड. शाळेतल्या त्या रडक्या मशीनवर ती तासन् तास बसायची आणि सर तिला उठवायला यायचे. मला कशाचंच वेड नव्हतं. वैशूने धुळ्याला जायचं आणि मी इथेच कॉमर्स करत आबांच्या धंद्यात बसायचं, हे आम्ही दोघींनी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना ठरवलं. मीच ठरवलं, म्हणा ना. उदार होऊन.

आणि त्याच संध्याकाळी मला घाम फुटला. आईची खोली, आबांची पेढी, समोर कापसाच्या गाड्या — हे जन्मभर? वैशू सुट्टीला येईल, नव्या गोष्टी सांगेल, आणि मी चहा टाकत ऐकू? मला तिचा हेवा वाटला. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी वैशू म्हणाली, "अक्का, तूच सांग आबाले. माले बोलता येत नही."

मी म्हटलं, सांगते.

आबा जेवून ओट्यावर पान लावत बसले होते. मी त्यांना सांगितलं, धुळ्याला मी जाते, डबल मेजर करते. बिझनेसही होतो, कॉम्प्युटरही होतो, दोन्ही एकाच माणसात घरात येतं. आबांना ते पटलं, त्यांना असा सौदा आवडतो. मग त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आनि वैशू? ती काय म्हनस?"

मी तेव्हाही खरं बोलू शकले असते. कुणी माझा गळा धरला नव्हता.

"तिले नको शे, आबा. ती म्हनस, मी घरच ऱ्हासू."

आत येऊन वैशूला सांगितलं — आबा नाही म्हणाले. तू लहान, तुला एकटीला धुळ्याला पाठवायचं नाही म्हणतात, मलाच जा म्हणाले. आणि वर हेही, की आता पुन्हा त्यांच्याकडे विषय काढू नकोस, त्यांना त्रास होतो. आबांना सांगून ठेवलं, तिला याबद्दल छेडू नका, ती लाजते. पाहिलंत? दोन्ही दारं मी बाहेरून लावली. वैशू रडली नाही. माझी बॅग तिनेच भरून दिली.

देवपुरात गेले आणि अडकले. कोडिंग माझ्या डोक्यात शिरेना. तो विषय सोडून नुसता बिझनेस ठेवता आला असता, पण सोडणार कसा? ज्याच्यासाठी बहिणीचा घास काढून घेतला, तो ताटात टाकून उठायचं? रोज संध्याकाळी वैशूचा फोन यायचा, अक्का, आज काय शिकवलं? तिला सगळं ऐकायचं असायचं. मी कधी कधी पांझरा नदीच्या पुलावर उभी राहून सांगायचे, गाड्यांचा आवाज फार आहे, नंतर बोलू. घोकून घोकून पास होत राहिले. वैशूने गावातच बी.ए. केलं, आईचं सगळं केलं, आणि माझा शेवटचा पेपर झाला त्याच उन्हाळ्यात तिचं पाचोऱ्याला लग्न झालं.

मग घरी कोण राहणार? मी आज त्याच पेढीवर बसते. समोर कापसाच्या गाड्या, आत आई. कॉम्प्युटर आहे टेबलावर, त्याच्यावर मी भाव पाहते. पुण्याहून एकदा नोकरीचं बोलावणं आलं होतं. आबांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते की मला घरी राहायचं नाही?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वैशू माहेरी आली. अंगणातल्या झोक्यावर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांजोऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आले. आबा आता थकलेत, मनातलं बोलून टाकतात. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत ते सहज म्हणाले, "इले खूप शिकाड, बेटा. तुले तवय शिकानं मन नही व्हतं. नहीतर तुलेबी धुळाले धाडी देतू मी."

झोका थांबला. वैशूने पाय टेकवले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. ताट माझ्या हातात होतं. आबा उत्तराची वाट पाहत होते.

"हाव, आबा," ती म्हणाली. "मालेच नको व्हतं."

आणि तिने झोक्याला रेटा दिला. लेक हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती पाचोऱ्याला गेली. जाताना आईच्या पाया पडली, आबांच्या पडली. माझ्या दरवेळी पडते, या वेळी पडली नाही. तिचा संध्याकाळचा फोन लग्नानंतरही इतकी वर्षं चुकला नव्हता, तो आता येत नाही. मीही केलेला नाही.